तोंडओळख

माझी कुणाशीच तोंडओळख नाही.
आईशीही नव्हती. ती खोकायची, म्हणून ती आई.
आरशात एक बाई दात घासत असते,
तिला पटवायला मी टाच उचलते.
ती उचलते. बरं, म्हणजे मीच.

वाल्पाराईसोच्या टेकडीखाली,
एकशे चौसष्ट पायऱ्या जिथे सुरू होतात,
तिथे माझी पाटी: हिमेना, जोडे दुरुस्ती.
माणसं येतात, गळ्याच्या वर त्यांची वाफ झालेली असते.
मी खाली बघते.
बेकरीवाला रेनान बाहेरच्या कडेवर झिजतो.
नेलीदाबाई अंगठ्यावर, जन्मभर घाईत.

झिजायची, म्हणायला हवं.
मार्चमध्ये ती वरच्या वळणावर सापडली,
एक बूट पायात, एक पाच पायऱ्या खाली.
तो खालचा मीच शिवला होता,
काळा दोरा संपला म्हणून हिरव्याने.
ती रागावली होती. मग म्हणाली, राहू दे, कोण बघतंय.

नंतर एदित.
नंतर फार्मसीतली मुलगी, जिचं नाव मला पेपरातून कळलं.
तोवर ती कॅनव्हासचे बूट, सदतीस नंबर, डावी लेस गाठ मारलेली.

त्या रात्री त्याला पाहिलं कुणी?
मी. अख्ख्या टेकडीवर मी एकटीने.
समुद्राकडून धुकं चढत होतं, दिव्याखाली तो उतरत होता,
दर पायरीवर उजवा पाय आधी,
डावा मागून येऊन शेजारी उभा राहायचा,
पायऱ्या मोजून घेतल्यासारखा.
माझ्यासमोर थांबला. हसला असेल.

चौकीत चित्रकार आणला.
नाक? होतं.
डोळे? दोन.
त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि चहा मागवला.
दुसऱ्या दिवशी पेपरात माझा आजार छापून आला,
स्पेलिंगसकट.
म्हणजे त्यानेही वाचलं.

तेव्हापासून दर गुरुवारी इन्स्पेक्टर अरावेना येतात.
दारातच नाव सांगतात, मला लागतं म्हणून.
करडा कोट, लिंबाच्या साबणाचा वास.
काही आठवलं?
नाही.
स्टुलावर बसतात, माझी पातळ कॉफी संपवतात, जातात.

काल गुरुवार.
मी अरावेना. करडा कोट. लिंबू.
काही आठवलं?
नाही.
मग बूट काढून काउंटरवर ठेवले, तळ सुटलाय म्हणाले,
आणि मोज्यांवर बसून राहिले.

मी बूट उलटे केले.
डावा जवळपास नवा.
उजव्याचा चवडा पार खाल्लेला,
दगडाने, आधी टेकून टेकून.
सपाट फरशीवर कुणीही सरळ चालतं,
इतके गुरुवार माझ्यासमोर हा सरळच चालला.
की आजच आलाय? आधीचे कोण होते?
गळ्याच्या वर बघितलं. वाफ.

हात थरथरला तर खिळा वाकतो.
माझा वाकला नाही.
तळ चिकटवला, शिवला, आणि न विचारता
उजव्या टाचेला लोखंडी नाल ठोकला.
आता घसरणार नाही, म्हटलं.
त्याने पैसे दिले. सुटे परत घेतले नाहीत.

वर गेला. टक्.
टक्.
धुक्यात तो दिसेनासा झाल्यावरही ऐकू येत होता.
मी कार्डावरचा नंबर फिरवला.
हं, बोला, पलीकडून आवाज आला, अरावेना बोलतोय.
आणि त्या आवाजाच्या मागे, पायरीपायरीने,
टक्.

फोन ठेवला. शटर ओढलं.
दुरुस्तीला आलेले सगळे जोडे खाली काढले,
रेनानचे, शाळेतल्या पोरांचे, न्यायला कुणी न आलेले
कॅनव्हासचे सदतीस नंबर,
आणि ओळीने मांडले फरशीवर,
दाराकडे तोंड करून.