नाव ऐकू न आलेलं बेट

ओझरहून निघालो तेव्हा सव्वासहा.
मळ्यांत फवारणीचे पंप सुरू झाले होते,
आणि बोरस्ते शेठचं सहा सीटांचं विमान
गारठलेल्या वासरासारखं उभं.
मी इंजिनाच्या टोपणाला हात लावून पाहिला,
आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा.
माझं काम एवढंच. बिघडलं तर दुरुस्त करायचं,
नाही बिघडलं तर मागे
डब्यांशेजारी बसायचं.

एकतीस वर्षं काढली इंजिनं तपासायच्या शेडमध्ये.
कापसाचे बोळे, वर पिवळे कानटोप,
तरी आवाज यायचाच, हाडांतून,
दातांतून.
निवृत्तीच्या दिवशी साहेब काय बोलले
मला अजून माहीत नाही.
हार घातला. टाळ्या दिसल्या.

कॅप्टन तेहमीनाबाईंनी बेटाचं नाव दोनदा सांगितलं.
दोनदा मी मान डोलावली.
खाली रामशेज गेला, गंगापूरचं धरण
ताटलीत सांडलेल्या पाण्याएवढं झालं,
मग घाट, मग एके ठिकाणी पेट्रोल,
मग नुसता समुद्र,
ज्याचा मला कंटाळा आला.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

बेट दिसलं तेव्हा शेठ ओरडले, "मोरचूद!"
ते नेहमीच ओरडून बोलतात, म्हणून ऐकू आलं.
खरंच होतं. टाकीत मोरचूद विरघळताना
पाण्याला जो रंग येतो,
तोच, मैलभर,
आणि मधोमध माडांचा एक पट्टा.

उतरलो. पंखा थांबला.
सगळे एकदम म्हणाले असणार, किती शांत!
तोंडं तशीच उघडली होती.

मला विचारा.
पंखा थांबला आणि माझ्या कानांत तो सुरू झाला,
बारीक, उंच,
जसं कुलूप लावून गेलेल्या कारखान्यात
एक यंत्र बंद करायचं राहून जावं.
नाशकातही असतोच तो,
पण सातपूरच्या रस्त्यावर त्याला कोण विचारतो!
इथे त्याला लपायला जागा नव्हती.
मलाही नव्हती.
मी चाकाचे नट तपासले. पुन्हा तपासले.
न सांडलेलं तेल पुसलं.

वाळूत एक म्हातारा होडीला रंग देत होता.
त्याची भाषा मला येईना, माझी त्याला.
कितीतरी वर्षांनी कुणाशी तरी
बरोबरीत बहिरा झालो.
मी कान ओढतोय हे त्यानं पाहिलं असावं.
ब्रशनं पाण्याकडे दाखवलं,
मग स्वतःची मान खाली घालून
बुडाल्यासारखं केलं.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आत गेलो,
वाकलो, डोकं पाण्यात घातलं.

लाह्या.
तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात
तशी चारी बाजूंनी तडतड,
खडकाची की त्यातल्या किड्यांची, देव जाणे.
आणि त्या तडतडीत
कुणीतरी जाऊन माझं ते यंत्र बंद केलं.
श्वास पुरेपर्यंतच.
वर आलो. पुन्हा खाली.
पुन्हा.
शेठ काठावरून ओरडले, "पाना पडला काय?"
मी म्हणालो, हो.

दुसऱ्या रात्री सिडकोतल्या घरी
वेणूनं समोर बसून, ओठ नीट हलवत विचारलं,
"काय पाहिलंत?"
लाह्या, म्हणालो.
ती माझ्याकडे बघत राहिली, मग वाढायला उठली.
झोपण्याआधी मी बादलीत डोकं घालून पाहिलं.
नळाची एक तोटी गळते, एवढं कळलं.

सकाळी ओझरला विमान धुताना
चाकाच्या टोपणातून मूठभर पांढरी वाळू पडली.
नट-बोल्टच्या रिकाम्या डबीत भरली,
डाव्या कानाशी हलवली.
उजव्याशी.
मागून शेठ आले.
"सापडला का पाना?"
नाही, म्हणालो, बघतोय अजून.