न तुटणारी जागा

जालन्यात, नव्या मोंढ्यात,
बारदानाच्या दुकानावरच्या खोलीत
मी लोकांच्या वेबसाइटी मांडून देते.
खालून सुतळीचा वास येतो
आणि हमालांचं "सरका, सरका".

कडूबा आले तेव्हा हातात चिठ्ठी होती,
दोन्ही अंगांनी लिहिलेली,
समासातसुद्धा उभी-आडवी:
कापूस, मका, तूर, सोयाबीन,
वाणांची एकोणीस नावं,
आमदारांचा फोटो, दत्ताचा फोटो,
'उधार बंद', तीन मोबाइल नंबर
आणि एक हलणारा ट्रॅक्टर.

मी केलेलं पान त्यांनी पाहिलं.
वर नाव. मधोमध एकच सरकी,
मुठीएवढी मोठी केलेली,
अंगावरची लव दिसेल इतकी.
बाकी सगळं पांढरं.

"ताई, हे इतकं मोकळं कामून?
पैसे तर आख्ख्या पानाचे घेतलेत तुम्ही."

मी त्यांच्याच बियाण्याचं पाकीट पालथं केलं.
मागं बारीक अक्षरांत त्यांनीच छापलेलं:
दोन ओळींत चार फूट, दोन झाडांत दीड.
"एवढ्या जागेत काय पेरता?"
"तिथं काय पेरायचं? ती हवेची असती.
दाट झालं की निस्ता पाला माजतो,
खालची बोंडं सडतात..."
बोलता बोलता थांबले.
तोंडात पान असल्यासारखे
ओठ मिटून हसले.

त्या दुपारी आम्ही विरळणी केली.
आमदार उपटले.
ट्रॅक्टर आधी उभा केला, मग उपटला.
एकोणीस वाणांतले चार ठेवले.
दत्ताला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही;
तळाशी, तिळाएवढा, राहू दिला मीही.
एकेक गोष्ट गेली की
सरकी जरा जवळ आल्यासारखी वाटायची.
हे मी पुण्याच्या कोर्सात इंग्रजीत शिकले होते.
मराठीत त्या दिवशी कळलं.

मग नाव.
दुकानाच्या जुन्या फोटोवरून मी लिहिलं होतं:
कडूबा सांडू बियाणे भांडार.
ते बराच वेळ गप्प.
"सांडू काढा," म्हणाले.
"दिवाळीपासून त्याचं दुकान समोर हाये."

मी काढलं.
उरलेले शब्द लगेच एकमेकांजवळ सरकले,
बाकावरचा एकजण उठला की
बाकीचे ऐसपैस होतात तसे.

"न्हाई, तसं नको.
पाटीवर खरवडलंय तेवढी जागा
इथं बी ठिवा."

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते.
ब्राउझरला तुम्ही दहा वेळा स्पेस द्या,
तो एकच धरतो.
उरलेल्या नऊ त्याच्या लेखी आमची हलगर्जी.
म्हणून एक निराळं चिन्ह असतं.
ते दिसत नाही, गिळलं जात नाही,
आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर
ओळ मोडायची वेळ आली
तरी दोन्हीकडच्या शब्दांना
एकाच ओळीत धरून ठेवतं.
त्याचं नाव, न तुटणारी जागा.

सां, डू. दोनच अक्षरं.
मला पाच चिन्हं लागली.
कडूबांनी पडद्यावर आडवं बोट ठेवून मापलं.
"आता बराबर."

जूनपासून फोन येतात,
भोकरदनहून, मंठ्याहून, परतूरहून:
अमकं वाण आहे का, भाव काय.
मी उरलेले पैसे घ्यायला गेले होते
तेव्हा कुणी पोरगा बोलत होता,
स्पीकर चालू होता:
"काका, तुमच्या नावात चूक झालीय,
मधे कायतरी राहिलंय."

समोरचं शटर वर जात होतं.
कडूबा तिकडंच बघत होते.
"व्हय," म्हणाले,
"राहिलंय."