चार गुणांचा प्रश्न

प्रश्न तिसरा, उपप्रश्न आ:
'पहिल्या महायुद्धानंतरच्या तहातच
दुसऱ्या महायुद्धाची बीजे होती.' स्पष्ट करा.

बत्तीस पेपर. नऊला लाइन गेली.
मोबाइलचा टॉर्च डब्याला टेकवून तपासते आहे.
सगळ्यांनी गाइडमधलंच लिहिलंय, त्याच क्रमानं:
भरपाई, भूप्रदेश, सैन्यकपात, अपमान.
अपमान नेहमी शेवटी येतो,
तोवर बऱ्याच जणांची जागा संपलेली असते.

पियूष चरडे समास ओलांडून गेलाय.

'मॅडम, बीजे म्हटल्यावर मले कुंदा आठवला.
वखरलं की रान वरून साफ दिसते
अन् तुटलेला एकेक तुकडा खाली फुटते.

आमचा अन् काकपुऱ्यांचा धुरा दीड हात.
त्याच्यावरून कुऱ्हाडी निघाल्या, माझ्या जन्माच्या लय आधी.
त्यांचे दोन गेले, आमचा एक.
त्याले जिंकणं म्हणतात.
मग पारावर कागद झाला.
युरोपातला म्हणे आरशांच्या महालात झाला.
आमच्या पाराले आरसा नव्हता.
त्यांच्याकडे होता, तरी त्यांना काही दिसलं नाही.

कागद आजाच्या पेटीत आहे. मी वाचला.
एक: भांडण मीच उकरलं, असं नथ्थू काकपुरे लिहून देतो.
दोन: दवाखाना, कोर्ट, तिन्ही तेरव्या, खर्च त्याचा.
तीन: काठीले लोखंडी वेळं लावायचं नाही, घरात कुऱ्हाड एकच.
चार: पोळ्यात त्याची जोडी तोरणाखाली सगळ्यात शेवटी.
खाली अंगठा आहे.
त्याले सही येत होती.

पैशाची कलमं फिटली.
चौथं दरसाली परत येते.
अंबादासकाका तेव्हा आठ वर्षांचा, कासरा त्याच्या हातात.
शिंगांना नवा रंग, झूल नवी,
अन् पुढं साठ जोड्यांनी तुडवलेला चिखल.
एकवीस पोळे तो तिथंच उभा राहिला.

त्या देशानं नंतर जुना रेल्वेचा डबा शोधून काढला.
ज्यात आपल्याले बसवलं, त्यातच दुसऱ्याले बसवलं.
मी चौथीत होतो तेव्हा अंबादासकाकानं
माझ्या आजाले त्याच चिखलात उभं केलं.
मधलं तुम्हाला माहीत आहे.
आता दुसरा कागद काकपुऱ्यांच्या पेटीत आहे.
कलम चार तेच. नावं बदलली.'

हो, माहीत आहे.
बदलीची ऑर्डर घेऊन आले तेव्हा आर्वीच्या स्टँडवर
गावाचं नाव ऐकून एक म्हातारा थांबला होता.
'पोळ्याले सुट्टी टाकजा बाई,' एवढंच म्हणाला.

गेल्या आठवड्यात तान्हा पोळा झाला, शाळेच्या मैदानात.
चाकांचे लाकडी बैल, गळ्यात बिस्किटांच्या माळा,
कुणाची झूल आईच्या ब्लाउजपीसची.
मी म्हटलं, उंचीप्रमाणे उभे राहा, बुटके पुढे.
ओजस चरडे सगळ्यात बुटका.
तो बैल ओढत ओढत मागे गेला.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
लाकडी बैल कुठल्याच कागदात नाही.
एक चाक निखळत होतं, ते तो पायानं बसवत होता.
मी हाक मारणार होते.
खुर्च्यांवर गावातली माणसं बसलेली.
मी स्टीलच्या ताटल्या मोजत राहिले.

नमुना उत्तरात चार मुद्दे, प्रत्येकी एक गुण.
पियूषच्या दोन पानांत
'अपमान' हा शब्द कुठेच नाही.
शेवटी, शिक्क्याच्या जागेत, बारीक अक्षरात:
'ओजस माझा भाऊ आहे. आठ वर्षांचा.'

साडेतीन दिले.
अर्धा कशाचा कापला, मला सांगता येणार नाही.
लाइन आली, पंखा फिरला,
कागद उडायला लागले.
मी त्यांच्यावर डस्टर ठेवलं.