दिबोरचा बर्फ

माझा माल वितळतो,
म्हणून मला खोटं बोलायला वेळ नसतो.

जोआलच्या किनाऱ्यावर पहाटे
मी लाद्यांवर भुसा पसरते, वर गोणपाट,
आणि समुद्राकडे बघत बसते.
कोणी विचारतं, आज लादी कितीला, दिबोर?
मी म्हणते, होड्या येऊ देत.
लोकांना वाटतं, बाई भाव खाते.
मला तो अजून कळलेलाच नसतो.

परवा जाळी रिकामी आली.
याबोय मासा दोन बादल्यांत मावला
आणि त्या दोन बादल्यांवर सात टोपल्या भांडल्या.
माझी लादी हजार फ्रँकांवरून सहाशेला उतरली,
मग दोनशेला,
मग लातीरच्या घोड्याने पिऊन टाकली.
पैसे पाण्यात गेले म्हणतात ना,
ते मी बादलीत भरलेले पाहिलेत.

आज एकोणचाळीस होड्या एकदम,
काठ पाण्याला टेकलेले.
वाळूवर चांदीचे ढीग, उचलायला कोणी नाही.
मासा कवडीमोल, लादी तीन हजार.
लातीर ओरडला,
"दोन रात्री जागलो मी, आणि श्रीमंत तू?"
काय सांगणार.
त्याचं जागरण कोणी विकत घेत नव्हतं.
आणि माझा बर्फही
परवापेक्षा जास्त थंड नव्हता.

पलीकडे भट्टीवाल्या बायका हात बांधून उभ्या.
बर्फाला जो मासा परवडत नाही
तो संध्याकाळी त्यांच्याकडे येतो,
धुराला कसली घाई?
मी साडेतीन म्हटलं असतं
तर लातीरने गाडी तिकडेच वळवली असती.
माझ्या हावेला कुंपण आहे, धुराचं.

तीन हजारांची बातमी म्हणे म्बूरला पोहोचलीसुद्धा.
कोणी कळवलं, कोणाला ठाऊक.
तिथून बर्फाचे दोन ट्रक निघालेत,
उन्हं कलायच्या आत
मी पुन्हा हजारवाली होईन.

तोवर सगळ्या लाद्या संपल्या, एक सोडून.
चौघांनी मागितली. लातीरने तर
खिशातल्या नोटा पसरून दाखवल्या.
ती मी पाटीत घेऊन घरी आले.

सिगाला काल रात्रीपासून ताप आहे.
फडक्यात बर्फ बांधून कपाळावर धरलाय,
पाणी तिच्या कानामागून उशीत उतरतंय,
तीन हजार फ्रँक, थेंबाथेंबाने.

परवा हीच पट्टी
फुकट पडली असती.