वजनाचा शनिवार

दुपारी साडेतीनला
दत्तू ड्रेसर लिंबाच्या फांदीला ताणकाटा अडकवतात.
जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
बोटांचा आयोडिनचा वास अजून गेलेला नाही
आणि आवाजाला सवय बैलांशी बोलायची.
"रांगेत या. बोकडं म्होरं, माणसं मागनं."

आमच्या मंडळाला पाटी नाही.
गणपती बसवत नाही, दहीहंडी फोडत नाही,
म्हणून वर्गणीही कोणी देत नाही.
करगणीच्या रस्त्यानं जाणारे म्हणतात, ती बघा वजनकाट्याची पोरं.
तेच नाव पडलं.
एकोणीस पोरं, अकरा करडं, दोन कोकरं.
कोंबड्यांचा आकडा सोमवारी वेगळा, शनिवारी वेगळा.

झोळी यशोदा ऐवळेंनी शिवली, जुन्या लुगड्याची,
दुहेरी टीप, चारी कोपऱ्यांना कासरा.
तिच्यात करडू पाय लोंबकळत गप्प बसतं,
जसं काही बारसंच चाललंय त्याचं.
काटा थरथरतो. पोरं श्वास धरतात.
अकरा किलो दोनशे.
खाली सोडलं की ते तडक शमाकडं पळतं,
बाकी कुणाकडं बघतही नाही.

वह्या मी तपासते.
रेघा मीच आखून दिल्यात: तारीख, चारा, वजन, खर्च,
शेवटचा रकाना, काय शिकलात.
तेजल बुधावले लिहिते,
"वजन केलं नाही. काटा आत्याच्या लग्नात डाळ मोजायला गेला."
शमा मुलाणी लिहिते,
"पेंड दोन रुपयांनी वाढली. मी करडाला सांगितलं नाही."
ओंकारचा खर्च महिनाभर शून्य,
आणि चाऱ्यात बारीक अक्षरात, "शेजारचा मका."

बिरा मेटकरीच्या वहीत दिवाळीपासून
तेरा पिल्लं. मग बारा. बारा. बारा.
मग एका बुधवारी शून्य.
"मुंगूस" लिहून खोडलंय,
खाली पुन्हा लिहिलंय, दाबून.
खर्चात जाळी, एकशे ऐंशी रुपये,
आणि शेवटच्या रकान्यात,
"जाळीला खालनं पण दार असतं."
लाल पेनाचं टोपण काढून मी बराच वेळ बसले.
बरोबरची खूण कशावर करतात अशा वेळी?

आटपाडीचं प्रदर्शन आठ दिवसांवर आलंय.
परीक्षक येतील, दात बघतील, पाठ चाचपतील.
सोपानतात्या टेम्पो देतो म्हणालेत,
"डिझेलचं बघू. पण माघारी येताना
कोण रडणार न्हाई एवढं लिहून द्या."
कारण तिथं व्यापारीही येतात.
गेल्या वर्षी सिदू गोफणेचा बोकड पहिला आला
आणि तासाभरात विकलाही गेला.
स्टीलचा डबा मांडीवर घेऊन
सिदू सगळी वाट टेम्पोत मागं तोंड करून बसला.
विक्री, अकरा हजार दोनशे.
काय शिकलात, कोरं.
यंदा त्यानं काही पाळलेलं नाही.
पण शनिवार चुकवत नाही,
दुसऱ्यांची करडं धरतो, कानामागं खाजवत,
आणि झोळीत सोडताना त्यांच्याशी काहीतरी पुटपुटतो.
आम्ही विचारत नाही.

आज रांगेच्या शेवटी बिरा.
हातात दोरी नाही, पाटी नाही, खुराडं नाही.
ड्रेसर म्हणाले, "तुझं काय रं?"
"माझंच करा."

कुणी हसलं नाही, हे विशेष. ओंकारसुद्धा.
काटा पन्नासचा होता.
सिदूनं झोळी पसरली, मागून धरली,
बिरा गुडघे पोटाशी घेऊन आत बसला.
फांदी करकरली.
सिदूचा हात सवयीनं त्याच्या कानामागं गेला
आणि तिथंच राहिला.

"एकोणतीस," ड्रेसर ओरडले, बैलाला ओरडावं तसं.
मी वजनाच्या रकान्यात एकोणतीस लिहिलं.
चाऱ्याचा रकाना बिरानं स्वतः भरला, वाकून,
"भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
आणि रात्री थोडा भात."