तोंडपाठ

अकरा वर्षं मी वैजयंता मगदूमची पाठ बघितली.
तोंड काय, डबा खाताना सगळ्यांनाच दिसायचं.
पाठ फक्त मला.

होडीत चौघी एकीमागं एक
आणि जिकडं जायचं, तिकडं चौघींचीही पाठ.
हे बाबांना मरेपर्यंत पटलं नाही.
आम्ही हरिपूरचे अंबी, संगमावर तीन पिढ्यांची नाव.
नावाड्यानं पुढं बघावं, म्हणायचे,
तुम्ही आपल्या मागं पडलेलं पाणीच मोजत बसता.

तर पाठ.
डाव्या खवाट्याखाली काहिलीतली हळद उडून भाजलेलं,
रुपयाएवढं.
मानेवर गंडा, तो सरांनी काढायला लावला,
दुसऱ्या दिवशी परत.
आयर्विन पुलाखाली पहाटे पाचला थंडीत
त्या पाठीवरून वाफ निघायची
आणि मी त्या वाफेच्या तालावर वल्हं टाकायची.
पुण्याहून आणलेली जुनी होडी,
तिच्या बुडाला एम-सील लावून लावून
होडीपेक्षा एम-सीलच जास्त.
पहिल्या नॅशनलला शेवटून पहिल्या आलो.
परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही,
फक्त उज्ज्वला चौगुलेनं भडंग काढलं.

ताप असला तर वैजयंता सांगायची नाही, पाठ सांगायची.
लग्न ठरलं, तेव्हाही आधी पाठ ताठ झाली,
पत्रिका नंतर आली.
आणि त्या फेब्रुवारीत ती ओढायच्या आधी
जराशी थांबायला लागली, एका श्वासाइतकी,
मी म्हटलं, कितवा गं?
ती न वळता म्हणाली, तिसरा लागलाय. गप वल्हव.

भोपाळ. सुवर्ण.
शेवट मी पाहिला नाही, आमच्यात कुणीच पाहत नाही.
भोंगा वाजला, मागोमाग दुसरा,
किती अंतर ते कळेना,
मग समोरची पाठ एकदम सैल पडली,
दावं सोडल्यासारखी,
तेव्हा मला समजलं आपण जिंकलो.

आता मी महापालिकेत, खेळाडू कोट्यातून,
पाणीपट्टीची खिडकी.
हसू नका, सगळे हसून झालेत.
दिवसभर तोंडंच तोंडं,
एकही लक्षात राहत नाही.

परवा शबनम नदाफ आली, मिरजेहून,
गादी कारखान्याची थकबाकी भरायला.
शबनम माझ्या मागं बसायची.
टोकाला. तिच्या पायाशी सुकाणू.
सुट्टे मोजता मोजता म्हणाली,
भोपाळला शेवटच्या वीस वल्ह्यांत
तू ओढत नव्हतीस, श्यामल.
नुसतं पाण्याला लावत होतीस.

रांगेत मागं कुणीतरी खोकलं.

होडी वळायला लागली होती, ती म्हणाली,
मी पाय दाबून धरला.
नंतर सर माझ्यावर ओरडले ना,
नदाफ, रेषा का सोडलीस?
मी म्हटलं, वारा होता सर.

मला आठवलं. वारा नव्हता.
तळं ताटातल्या आमटीसारखं थिर होतं.
हातांत काही उरलं नव्हतं माझ्या,
तोंड मात्र मी नीट ठेवलं होतं,
दात आवळून, फोटोसाठी असावं तसं.
पाठीचं कुणाच्या लक्षात आलं असतं?

तेव्हा का नाही सांगितलंस?
विचारता विचारता तेराशे चाळीसची पावती फाडली.
सांगून काय, ती म्हणाली,
आणि तुझं वल्हं अकरा वर्षं
माझ्या डोळ्यांदेखत भरलेलं होतं,
वीस गेले तर गेले.

मी शिक्का मारला. जरा वाकडा बसला.
तिनं पावती घडी करून ब्लाउजात ठेवली,
येते म्हणाली,
आणि वळली.

शबनमची पाठ मी पहिल्यांदाच बघितली.
एक खांदा बोटभर खाली.
पुढचा गृहस्थ बिल खिडकीत सरकवत होता,
मी म्हटलं, थांबा जरा.