हातभर

लाटा मोजू नकोस, म्हणतो फातिसो,
लाटांमधली गप्प जागा मोज.
सुमात्राच्या पश्चिमेला रस्ता इथेच संपतो,
पुढे होडीचे तीन तास
आणि दवाखाना म्हणशील तर उद्या संध्याकाळी.

भूकंपाच्या रात्री तळ हातभर वर आला.
प्रवाळ उघड्यावर पडलं, उन्हात पांढरं झालं,
महिनाभर वास.
फातिसोचं घर गेलं. विहीर आटली.
आणि लाट,
सांगायला लाज वाटते,
लाट सुधारली.

आता ती बिजागरीवरच्या दारासारखी फिरते
आणि आत, गुडघाभर पाण्याखाली,
तो खडक:
कधी दात न घासलेला म्हातारा, जांभई देत.

यार्नी त्याच्या बहिणीची. एकोणीस वर्षांची.
तिची फळी कुणा पाहुण्याने मोडकी म्हणून टाकलेली,
मधोमध राळेचा वळ, भाजल्याच्या खुणेसारखा.
पहिली घेऊ नकोस, मामा म्हणतो.
पहिली चुकली तर मागच्या चार
तुला खलबत्त्यात घालतील.

पहिली जाते. दुसरी. तिसरी घ्यायला ती वळते,
थांबते.
(मामा काही बोलत नाही. हेही शिकवणंच.)

मग क्षितिज जाड होतं.
खडकावरचं पाणी मागे ओढलं जातं,
तळ वर येतो, अगदी त्या रात्रीसारखा,
जेव्हा ती तीन महिन्यांची होती
आणि आईच्या पाठीवर डोंगर चढत होती.

यार्नी दोन हात मारते, तिसरा मारते,
आणि दिसेनाशी होते.

मागून लाट म्हणजे नुसती पाठ.
वर थोडा फवारा, बाकी अंदाज.
फातिसो मोजतो. चार. पाच.
सहाला त्याला कोणताच देव आठवत नाही,
सातला सगळे.
नऊला पलीकडच्या खोल पाण्यात
फळीचं टोक, मग डोकं, मग शिव्या,
मामासमोर न द्यायच्या सगळ्या.

होडीत तो तिच्या टाचेवर लिंबू पिळतो.
ती ओठ चावते, ओरडत नाही.
आत काय दिसलं?

तळ, ती म्हणते.
मामा, तिथे काहीतरी उगवलंय.
बोटाएवढं. जांभळं.

तो दुसरं लिंबू कापतो,
पहिल्यात अजून रस असताना.